दुकान रेषेच्या पलीकडे

"सर, मागं फुलांची टोपली बांधलेली सायकल शर्यतीत चालते काय?"

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. प्रश्न आला होता गीतांजलीच्या तोंडून, पण शिजला होता मागच्या बाकावर, पायल आणि खुशीच्या डोक्यात. विचारलास तर पायलकडून कचोरी, नाही विचारलास तर आठवडाभर दोघींची दप्तरं वाहायची, अशी पैज होती. गेल्या वर्षीची गीतांजली असती तर तिनं मुकाट्यानं दप्तरं वाहिली असती. तेव्हा ती हात वर करायची तो फक्त पाणी प्यायला जायचं म्हणून. पण मध्ये गॅदरिंग झालं, निवेदन करणारी मुलगी ऐनवेळी तापानं पडली, बाईंनी हिला पुढं ढकललं, आणि हिनं माइक धरला तो सोडेचना. तेव्हापासून नववीतल्या गीतांजली उमाळेला कुणी नुसती काडी लावायचा अवकाश!

शेखर सर खेळ शिकवायचे. अमरावतीला शाळकरी मुलींची सायकल शर्यत आहे, अंतर फक्त एक किलोमीटर, आणि दर शाळेतून एकच मुलगी, असं त्यांनी नुकतंच फळ्यावर लिहिलं होतं. ते वळले. हसले मात्र नाहीत.

"टोपली काढावी लागेल," ते म्हणाले. "बाकी सायकल कोणतीही चालते. नाव?"

"कोनाचं, सर?"

"टोपली जिची आहे तिचं."

गीतांजलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. 'नाही सर, गंमत केली' म्हणायचं आणि बसून टाकायचं, एवढंच काम होतं. पण सर खडू धरून थांबले होते. अगदी खरोखरचे थांबले होते, जणू या नावावाचून फळा अडला होता. तिला ते भलतंच आवडलं.

"गीतांजली देवानंद उमाळे," ती म्हणाली, आणि त्याच दमात, "आन् सर, पायल बी!"

मागच्या बाकावरचं पायलचं हसणं अर्ध्यातच तुटलं.

*

जुन्या शहराची वस्ती संपून वावरं सुरू होतात तिथं उमाळ्यांचा फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. सकाळची तोडणी झाली की मोठा माल घेऊन बाबा मोटरसायकलनं फूलबाजारात जायचे, आणि निवडक फुलांची एक टोपली गीतांजली शाळेत जाता जाता चतुरा आत्याच्या दुकानात पोचवायची. दुकान म्हणजे देवळाच्या गल्लीत दोन दगडांवर टाकलेली फळी आणि वर निळी ताडपत्री. पण चतुरा आत्या, बाबांची थोरली बहीण, त्या फळीमागं अशी बसायची की गिऱ्हाईक आपोआप चप्पल काढायचं. तिची नजर तर विचारूच नका. गुलाबाची एक पाकळी दबलेली असली तरी ती तिला गल्लीच्या तोंडापासून दिसायची.

म्हणून गीतांजलीचं सायकल चालवणं म्हणजे, खरं सांगायचं तर, चालवणं नव्हतंच. टोपलीत फुलं असली की सायकल चालवत नाहीत, नांदवतात. खड्डा आला की उतरायचं, वळणावर पाय थांबवायचे, आणि दुकान जवळ आलं की डावा हात मागं नेऊन टोपली धरायची आणि हलकेच, अगदी फळीला चाक न लागता, उभं राहायचं.

"शंभर किलोमीटर जायचं," बाबांनी रात्री जेवताना हिशेब मांडला, "आन् एक किलोमीटर सायकल चालवायची? काहून, अकोल्यातले रस्ते सरले काय?"

"बाबा, थे जोरात चालवा लागते."

"जोरात! आन् माह्या फुलाईचं काय?"

देवानंद उमाळे तसे मायाळू माणूस, पण फुलांच्या बाबतीत त्यांना विनोद चालत नसे. त्यांनी ताटातली भाकरी संपवली, पाणी प्यायलं आणि मग निकाल दिला. "कर तुही प्रॅक्टिस. पन टोपली टायमावर पोचली पायजे, आन् एक फूल दबलं नाही पायजे. चतुराची तक्रार आली, का शर्यत बंद. मंजूर?"

"मंजूर! आई, तू साक्षी हाय बरं."

आई कोपऱ्यात शेवंती ओवत होती. "मले कायले मधात घेतं? मी तर ओवून राहिली," ती म्हणाली. पण सुई थांबवून तिनं विचारलं, "सीट वर केली काय तुनं?"

सीट खरंच वर करावी लागली. शेखर सरांचा पहिला हुकूम तोच होता. सीट खाली असली की गुडघे कोंबडीसारखे बाहेर येतात आणि जोर सगळा वाया जातो, म्हणे. गीतांजलीनं सीट वर केली, ऐटीत एक चक्कर मारली, आणि थांबताना पाय जमिनीला टेकेचनात म्हणून सायकलसकट गाजरगवतात जाऊन बसली. खुशीनं त्याचा फोटो काढला. शर्यतीतलं खुशीचं काम हेच होतं, फोन धरणं आणि हसणं.

सरांचा दुसरा हुकूम खांबांचा. शाळेमागच्या सरळ रस्त्यावर विजेचे खांब होते. एक खांब जिवाच्या आकांतानं, पुढचा सावकाश, पुन्हा एक जोरात. पायल आपल्या नव्या गिअरच्या सायकलवर, गीतांजली आपल्या काळ्या, खडखडणाऱ्या सायकलवर. पहिल्या आठवड्यात गीतांजलीला जेवताना मांडी घालता येईना. ती भिंतीला टेकून, पाय लांब करून, पाटलिणीसारखी जेवायची. पण शाळेच्या जिन्यावरून उतरताना प्रत्येक पायरीला मांड्या ओरडायच्या, तेही तिला आवडायला लागलं. आपल्याला मांड्या आहेत हेच मुळी तिला आत्ता कळत होतं.

मग एका सकाळी तिच्या मनानं घेतलं, की भरल्या टोपलीनं एकच खांब मारून पाहावा. एकच. रस्ता मोकळा होता, ऊन कोवळं होतं, समोरून एक बकरीसुद्धा येत नव्हती.

"हे काय वं?" चतुरा आत्यानं ओलं फडकं उचललं. "यायच्यावरून रोडरोलर फिरवला काय?"

वरचे गुलाब ठीक होते. खालच्यांनी माना टाकल्या होत्या.

"आत्या, बाबाले नको सांगू."

"काहून नको सांगू?"

मग गीतांजलीनं फळीला टेकून सगळं सांगितलं. पैज, फळा, खांब, बाबांची अट, अमरावती. सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला, हात फिरायला लागले, आणि हार घ्यायला आलेल्या दोन बायाही थांबून ऐकायला लागल्या. दबलेले गुलाब आत्यानं एकेक करून वेगळे काढले आणि पाकळ्या मोकळ्या करून परडीत टाकल्या.

"या पाकळ्या म्हनून इकीन मी. हारात नाही जमत," ती म्हणाली. "आजचं झालं. दुसऱ्या टायमाले मात्र देवानंदाले सांगीन. भरली टोपली हळू, खाली टोपली जोरात. समजलं काय?"

"समजलं!"

"आन् हे अमरावतीवाले बक्षीस देतात काय?"

"देतात वाटते."

"मंग जिंकजो."

*

पहिली चाचणी शेखर सरांनी त्याच रस्त्यावर घेतली. चुन्याची रेघ ओढली, शिट्टी वाजवली. गीतांजली पेडलवर उभी राहून अशी सुटली की पायल दोन खांब मागं पडली. वारा कानात भरला. डोळ्यांतून पाणी आलं. आपण जिंकून राहिलो, बावा, आपण जिंकून राहिलो, एवढंच डोक्यात. रेघ समोर पांढरीशुभ्र दिसत होती.

आणि पायल सर्रकन बाजूनं निघून गेली.

"पायल," सर म्हणाले. "थोडक्यात. पक्की निवड दोन आठवड्यांनी. गीतांजली, तुला शेवटी झालं काय?"

"काई नाही सर! मी तर पूर्ण जोरात होती!"

"थांब, थांब," खुशी फोन घेऊन धावत आली. "पाय हे. पाय ना!"

तिघींची डोकी फोनवर एकत्र आली. पडद्यावरची गीतांजली सुसाट येत होती. रेघ जवळ आली. मग पडद्यावरच्या गीतांजलीनं पाय थांबवले, पाठ सरळ केली, आणि अत्यंत शांतपणे डावा हात मागं नेऊन रिकाम्या कॅरिअरवरची हवा धरली.

पायल रस्त्यावरच खाली बसली. "अवं तू मागं काय पकडून राहिली!"

"शर्यत नाही करून राहिली थे," खुशी हसता हसता कशीबशी म्हणाली. "थे डिलिव्हरी देऊन राहिली!"

गीतांजलीही हसली. सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली. पण घरी जाताना दगडी पुलावर ती थांबली, मोर्णा नदीच्या पाण्याकडं पाहात उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की हे काही हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दम कमी पडला असता तर दम वाढवता येतो. पण हा हात आपल्याला न विचारता मागं जातो, त्याला काय करायचं? पुढचे चार दिवस तिनं तेच पाहिलं. रेघ आली की पाय आपोआप थांबायचे. 'थांबू नको, थांबू नको' म्हणत जावं, तर ते म्हणण्यातच ती आणखी आधी थांबायची. अमरावती आपल्याच डाव्या हातानं हातची चालली होती.

शेवटी एका संध्याकाळी तिनं व्हिडिओ आईला दाखवला. आई झेंडूच्या ढिगाशेजारी बसली होती. तिनं एकदा पाहिला, मग म्हणाली, "परत लाव."

पुन्हा पाहिल्यावर ती हसली, पण पायल-खुशीसारखी नाही.

"दारात उतरायची सवय हाय तुही. मले बी होती."

"तुले? कशाची सवय?"

"माहेरी, अंजनगावले होती ना मी, तवा पानमळ्यातून इड्याची पानं आने गावात. मामाच्या सायकलनं. पानं तर फुलाईपेक्षा नाजूक, वाकली का काळी पडतात." आईनं देठ खुडला. "माह्या बी हात असाच मागं जाये."

गीतांजली तिच्याकडं पाहातच राहिली. चौदा वर्षं ती या बाईला ओळखत होती. या बाईनं तिला कधी साधी सायकलची घंटी वाजवून दाखवली नव्हती.

"आई! तुले सायकल येते? मंग सांगतलं काहून नाही कधी?"

"लग्न होऊन आली तं इथं सायकलच नव्हती. मंग तुह्या बाबानं गाडी घेतली. मले कोनी इचारलं नाही, म्या सांगतलं नाही." आईनं हे असं सांगितलं, जणू मिठाचा डबा कुठं ठेवला ते सांगत होती. "थे जाऊ दे. तुह्या डोक्यात दुकान रेघेवर हाय, म्हनून तू रेघेवर थांबतं. दुकान पुढं ने."

"पुढं कुठी?"

"रेघेच्या पल्याड. लांब."

आईच्या म्हणण्याचा अर्थ, मनातलं दुकान पुढं न्यायचं. पण गीतांजली ही मनात ठेवण्याच्या जातीची मुलगी राहिलीच नव्हती.

*

"या कोण?" पक्क्या निवडीच्या दिवशी शेखर सरांनी विचारलं.

रेघेच्या पलीकडं, रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर चतुरा आत्या बसली होती. कमरेला बटवा, मांडीवर रिकामी टोपली, चेहऱ्यावर गिऱ्हाइकाची वाट पाहणारा भाव.

"सर, थे माह्यं दुकान हाय," गीतांजली म्हणाली.

सरांनी शिट्टी हातात घेतली. आत्या गेला आठवडाभर रोज दुपारी येत होती. पहिल्या दिवशी कुरकुरत, दुसऱ्या दिवशी पानाचा डबा घेऊन, आणि तिसऱ्या दिवसापासून फळीवर शेजारणीला बसवून, स्वतःहून.

शिट्टी वाजली. या वेळी पायलही उभी राहूनच सुटली, तीही काही झोपली नव्हती इतके दिवस. पहिले खांब दोघी बरोबरीनं गेल्या. मधल्या खांबांना पायलनं गिअर बदलला आणि ती पुढं सरकली. एक चाक, मग दीड. गीतांजलीच्या छातीत धुनी पेटली होती. रेघ दिसली आणि पाय, ते मेले पाय, नेहमीसारखे हलके व्हायला लागले.

"अवं ये लवकर!" कडुनिंबाखालून आत्याचा आवाज आला. देवळाच्या गल्लीत दोन्ही टोकांना ऐकू जाणारा तो आवाज. "गिऱ्हाईक खोळंबलं हाय! फुलं सुकून राहिली!"

दुकान तर तिकडं होतं! अजून किती लांब होतं दुकान! गीतांजलीनं मान खाली घातली आणि उरलंसुरलं सगळं पेडलमध्ये ओतलं. रेघ कधी गेली ते तिला कळलंच नाही. पायल मागं राहिली, सर मागं राहिले, खुशीची किंचाळी मागं राहिली. कडुनिंब अंगावर आला तेव्हा कुठं तिचे पाय थांबले, डावा हात मागं गेला, आणि सायकल हलकेच, अगदी खुर्चीला चाक न लागता, उभी राहिली.

आत्यानं तिला खालीवर पाहिलं. "आज टायमावर आली," ती म्हणाली.

पायल धापा टाकत मागून आली. ती हरली होती आणि तिला ते लागलंही होतं, नाक लाल झालं होतं. तिनं कडुनिंबाला सायकल टेकवली.

"मले बी एक आत्या पायजे," ती म्हणाली. "आन् आयक, अमरावतीले माह्यी सायकल ने. उद्यापासून तिच्यावरच प्रॅक्टिस कर. तुह्या खटाऱ्याचा आवाज आयकून लोक आपल्या शाळेले हसतील."

"खटारा म्हनू नको हं."

"बरं, फुलरानी म्हनतो. कचोरी खायची का नाही?"

कचोरी तोंडात असतानाच सरांनी तारीख सांगितली. पुढचा रविवार सोडून त्याच्या पुढचा. गीतांजलीचा घास तोंडातच राहिला. त्या दिवशी घटस्थापना होती.

*

"आमची पोट्टी!" बाबांनी बातमी ऐकून खाटेवर थाप मारली. "पहिला नंबर! आन् फूल बी एक दबलं नाही, चतुराची तक्रार नाही!"

चतुरा आत्याच्या परडीतल्या पाकळ्या आठवून गीतांजलीनं पटकन विषय बदलला आणि तारीख सांगितली.

बाबांचा हात खाटेवरच थांबला.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. गीतांजलीनं भांडायची सगळी तयारी केली होती. पण ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी मी मध्यरात्रीपासून फूलबाजारात असतो, बाई. चतुराकडं टोपली दोनदा जाते. मले दोन जागी उभं राहता येत नाही."

"ऑटोनं पाठवू."

"मांगच्या साली पाठवली होती. चटनी होऊन पोचली, पायलं ना तुनं? सालभर ज्या गिऱ्हाइकाची वाट पायते चतुरा, थे त्या दिवशी येते. माह्या मनात नाही असं नाही. पन फुलं कोन नेईन, थे सांग."

आई उठली. "सायकल आत घेतो," ती म्हणाली. "दव पडते."

गीतांजली उंबऱ्याशी बसून होती. अंगणात अजून थोडा उजेड होता. आईनं सायकलचा स्टँड काढला, टोपली नीट बसली आहे का ते पाहिलं. मग तिनं रस्त्याकडं पाहिलं, गोठ्याकडं पाहिलं. लुगड्याचा काठ खोचला. एक पाय पेडलवर ठेवला, दुसऱ्यानं जमीन दोनदा रेटली, आणि विहिरीपासून फाटकापर्यंत ती पाण्यावरून गेल्यासारखी गेली. हँडल जरासुद्धा हललं नाही. फाटक आलं तसा तिचा डावा हात मागं गेला आणि टोपलीवर टेकला.

मग तिनं खोचलेला काठ सोडला, सायकल ढकलत गोठ्यात नेली आणि हात पुसत घरात आली, जणू काही झालंच नाही.

गीतांजली उभी राहिली. गॅदरिंगमध्ये माइकसमोर उभी राहिली होती तशीच, पाय जुळवून.

"बाबा, माह्यं ठरलं हाय. आई, तू बी आयक. मी अमरावतीले जाऊन राहिली."

"अवं पन फुलं..."

"फुलं आई नेईन. सायकलनं. दोन्ही खेपा."

बाबा हसले. "तुह्या आईले कुठी सायकल येते?"

"येते," आई म्हणाली. ती जमिनीकडं पाहात होती, पण आवाज सरळ होता.

बाबा एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहात राहिले. एवढी वर्षं घरात असलेली गोष्ट कुणीतरी त्यांच्यासमोर आणून ठेवावी आणि तिला कुठून धरावं ते कळू नये, तसे.

"मी पायलच्या सायकलवर जाते, आपली सायकल घरीच राहते," गीतांजली म्हणाली. "सीट मी उद्या सकाळीच खाली करून देते, आईचे पाय टेकले पायजे. आन् बाबा, मी इचारून नाही राहिली. सांगून राहिली."